काढ्यातला शेंदूर

१

शिवकन्या गाडेकरचा आवाज गेला तो रविवारी दुपारी दोन वाजता, घनसावंगीत, अप्पाराव गुरुजींच्या घरात. आणि तीन वाजायच्या आत बसस्थानकासमोरच्या रसवंतीपर्यंत बातमी पोचली, की कुणीतरी तिला काढ्यातून शेंदूर पाजला.

गावाच्या दृष्टीनं ही साधी गोष्ट नव्हती. शिवकन्या म्हणजे मेंढरं राखणाऱ्या बापाची लेक. गुरुजींकडं बारा वर्षं गाणं शिकली, मुंबईला गेली आणि एकाच वेळी दोन ठिकाणी नाव काढलं. मैफली करायची, आणि रोज संध्याकाळी साडेसातच्या मालिकेत राजेश्वरी वहिनी व्हायची. किंचाळून घर डोक्यावर घेणारी, सुनेला छळणारी, जिच्या नावानं बाया टीव्हीसमोर कडाकडा बोटं मोडायच्या. आज गुरुजींच्या पंचाहत्तरीचा सत्कार होता. सहा वाजता मंगल कार्यालयात शिवकन्या गाणार म्हणून अंबड-परतूरकडून जीपा भरून लोक निघाले होते.

राधाकिसन खरात त्या वेळी घरी एकटेच भाकरी खात बसले होते. पोलिसातून जमादार म्हणून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, बायको जाऊन तीन. मुलगा पुण्याला. दिवसभरात घरात आवाज व्हायचा तो भांड्याचा, नाहीतर संध्याकाळच्या त्या मालिकेचा. जमादार रोज न चुकता राजेश्वरी वहिनी बघतात, हे गावात कुणाला माहीत नव्हतं. कळलं असतं तर लोक हसले असते. पण घरात एखादी बाई मोठ्यानं बोलतेय, एवढंच त्यांना पुरायचं. गेल्या दीड महिन्यापासून मात्र गोष्टीत राजेश्वरी वहिनीनं मौनव्रत धरलं होतं. ती नुसती डोळे वटारायची, आणि जमादारांचं घर पुन्हा मुकं झालं होतं.

फोन वाजला. गुरुजींच्या बायकोचा, वच्छलाबाईंचा होता.

"जमादार, जल्दी या. ते रामेश्वरभाऊ आपल्या महजबीनला पोलिसात देतो म्हणून राह्यले. मी दोन घंटे मागून घेतलेत."

"महजबीननं काय केलं?"

"काढा तिनं करून आणल्ता," वच्छलाबाई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

२

गुरुजींच्या दारात पन्नासेक माणसं उभी होती. सत्कार समितीचे अध्यक्ष रामेश्वर, मोंढ्यातले आडत व्यापारी, ओट्यावर येरझाऱ्या घालत होते.

"बरं झालं आले. हे बघा," म्हणून त्यांनी एक स्टीलचा थर्मास आणि कप पुढं केला. कपाच्या तळाशी काळपट काढा उरला होता आणि त्यावर केशरी-लाल तवंग. "शेंदूर! गाणाऱ्याचा गळा मारायचा तर शेंदूर पाजतात, लहान लेकराला पण माहीत आहे."

"पाजला कधी?"

"बारा वाजता महजबीन थर्मास देऊन गेली. पोरगी झोपल्ती. दोन वाजता उठून काढा घेतला, आणि घसा धरूनच बाहेर आली. तोंडातून शब्द न्हाई."

"दवाखान्यात नेलं?"

"आम्ही गाडी काढल्ती. तर ती मोनिका न्हाई म्हणली. मुंबईच्या डॉक्टरशी फोनवर बोलणं झालंय म्हणे."

जमादारांनी मान हलवली. शेंदूर म्हणजे विषच. विष पोटात गेलेलं माणूस दवाखान्याला नको म्हणत नाही.

आतल्या खोलीत शिवकन्या खाटेवर बसली होती. पडद्यावर दिसायची त्याहून कितीतरी लहान. गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली, मांडीवर वही. शेजारी मोनिका, तिची कामं बघणारी जालन्याची पोरगी. तिच्याच बाजूला सौंदर्यप्रसाधनांची मोठी पेटी उघडी पडली होती.

"काय होतंय, बाळ?" जमादारांनी विचारलं.

शिवकन्येनं वहीत लिहिलं, 'घसा जळतोय.'

"कुणावर संशय?"

पेन्सिल थबकली. मग तिनं मान हलवली. नाही.

"ती फार घाबरलीय," मोनिका घाईनं म्हणाली. "तिला आराम पाहिजे. काय विचारायचं ते मला विचारा."

"तुलाच विचारतो. बारा ते दोन थर्मास कुठं होता?"

"बाहेर, ओट्यावर. तिथं तबलेवाले सुग्रीवदादा बसले होते. माणसं तर सारखी येत-जात होती."

खाटेखाली पाण्यानं अर्धा भरलेला काचेचा पेला होता, आणि त्यात एक जाडसर प्लॅस्टिकची नळी. थंड पेय प्यायच्या नळीपेक्षा चांगली दुप्पट जाड. जमादारांची नजर तिथं गेलेली पाहून मोनिकानं तो पेला पायानं आत सरकवला.

३

महजबीन स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. गावातल्या शाळेत ती संगीत शिकवायची. वय शिवकन्येएवढंच. दोघी एकाच सतरंजीवर बसून सा लावायला शिकल्या होत्या. एक मुंबईला गेली, एक इथंच राहिली.

"चाचा, तुम्ही पण तेच विचारणार?"

"मी विचारतो. उत्तर द्यायचं का न्हाई, ते तू ठरव. काढ्यात काय घातलं?"

"ज्येष्ठमध, तुळस, अडुळसा, खडीसाखर. लहानपणी परीक्षेच्या आधी आम्ही दोघी तोच प्यायचो." तिनं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "मी तिला भेटायला आल्ते. सहा वर्षांनी. ती झोपली म्हणून मोनिकानं दारातूनच परत लावलं. थर्मास ठेवला आन् गेले."

"तुझं नाव सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हणलं, काढा आणलाय. कुणी आणलाय, तिला चवीनं कळंल."

"तुला राग न्हाई? ती सगळीकडं गाती, टीव्हीत दिसती. तू इथं."

"राग होता. खोटं कशाला बोलू? पण गाणाऱ्याचा गळा मारायचा, चाचा... म्हणजे मी बारा वर्षं जे शिकले त्याच्यावर थुंकायचं. माझ्याच्यानं बिलकुल व्हायचं न्हाई. पण हे मी कुणाला सांगू? बाहेरचे लोक मघापास्नं माझं नाव एका वेगळ्याच सुरात घेऊन राह्यलेत."

जमादारांनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. ते उठले.

सुग्रीव ओट्याच्या कोपऱ्यात तबल्याला हातोडी लावत बसला होता. आठ वर्षांपूर्वी त्यानं शिवकन्येला मागणी घातली होती आणि मुंबईला जायचंय म्हणून तिनं नकार दिला होता. हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि गावाला माहीत आहे हे त्यालाही.

"माझ्यावर पण संशय असंल ना? थर्मास उन्हात होता, मी उचलून सावलीत ठेवला. एवढाच हात लावला."

"टोपण उघडलं कुणी?"

"माझ्यासमोर कुणीच न्हाई. देवाशपथ. मी जाग्यावरून हललोच न्हाई. साथीला बसायचं होतं, तिची पट्टी कोणती ते पण विचारायचं होतं."

"मंग विचारली?"

"काल विचारली ना. तिनं बोटं दाखवली. काळी चार." सुग्रीवनं हातोडी खाली ठेवली. "पूर्वी ती त्याहून वर, काळी पाचमध्ये गायची. आन् तालमीला बसू म्हणलं, तर हातानंच न्हाई म्हणली. मोनिका म्हणली, आवाज राखून ठेवतीय."

जमादारांनी कप उचलून उन्हात धरला. तवंगावर बारीक चमचम होती, अभ्रकासारखी. त्यांनी बोट बुडवलं, ताटलीवर चोळलं, नाकाशी नेलं. गुलाबाचा वास.

ते उठले आणि समोरच्या मारुतीच्या देवळाकडं चालू लागले.

४

पुजाऱ्याकडून चिमूटभर कोरडा शेंदूर कागदात घेऊन जमादार गुरुजींच्या मागच्या अंगणात आले. तिथं वच्छलाबाई भांडी घासत होत्या. त्यांच्याकडून एक पेलाभर पाणी घेऊन त्यांनी शेंदूर आत सोडला.

वाळूसारखा तो सरळ तळाला जाऊन बसला.

"बघितलंत? शेंदूर जड. काढ्यातला वर तरंगतोय, चमकतोय, वासाचा आहे. तो शेंदूर न्हाई, वच्छलाबाई. गालाला लावायचा रंग आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्याला खरंच गळा मारायचा, तो समोरून मूठभर फुकट शेंदूर आणतो. हा ज्यानं टाकला, त्याला नुसता शेंदूर दिसायला पाहिजे होता. गुरुजींच्या घरात विष टाकायला त्याचा हात धजला न्हाई."

"तसली पेटी तर त्या दोघींच्याच खोलीत..." वच्छलाबाई बोलता बोलता थांबल्या. मग जरा हळू म्हणाल्या, "जमादार, एक सांगू का? सकाळी मी चहा द्यायला गेल्ते. दार लावलेलं. आतून कसला तरी आवाज. गुडगुड, गुडगुड. हुक्का ओढल्यावाणी. काल संध्याकाळी पण तसाच. मी म्हणलं, मुंबईची लेकरं, काय काय करत असतील."

जमादारांच्या हातातला पेला तसाच राहिला.

तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. साडेतीन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोच्या, पुष्पाबाईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी एक जाड नळी दिली. पाण्यात बुडवायची आणि हळू हुंकार भरत बुडबुडे काढायचे, रोज पाच वेळा. चार महिने घरात पुष्पाबाईचा एवढाच आवाज होता. गुडगुड, गुडगुड. मग तोही थांबला.

आज दुपारी दोनला आवाज गेलेली बाई कालपासूनच गेलेल्या आवाजाचा व्यायाम करत होती.

५

आता एकच प्रश्न राहिला होता, आणि जमादारांनी तो सगळ्यांना विचारला. काल आल्यापासून शिवकन्येचा आवाज कुणी ऐकला?

सुग्रीव म्हणाला, "मी न्हाई. पण रामेश्वरभाऊंनी ऐकला असंल, त्यांनी स्वागत केलं."

रामेश्वर म्हणाले, "मी बोललो, ती हात जोडून हसली. उत्तरं मोनिकानं दिली. वच्छलाबाईंशी बोलली असंल."

वच्छलाबाई म्हणाल्या, "माझ्या गळ्यात पडून रडली. शब्द... आता आठवंना. पण यांच्याशी बोलली की!"

प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्यानं ऐकला. गुरुजींनी मात्र ठामपणे सांगितलं. ते माजघरात, सत्काराची शाल मांडीवर घेऊन बसले होते.

"बोलली ना! पायाला हात लावला आन् विचारलं, गुरुजी, तब्येत कशी आहे? मी म्हणलं, झक्कास. मंग म्हणली, औषधं घेताव का? मी म्हणलं, घेतो."

जमादारांचा सगळा डाव तिथंच मोडला. काल आवाज होता, तर आज गेला. मग गालाचा रंग, नळी, काळी चार, सगळं व्यर्थ. तो रंग मोनिकानंच टाकला असं म्हणावं, तर तिचं पोट त्याच गळ्यावर चालायचं.

"आवाज कसा वाटला?"

"हां, बसा की," गुरुजी म्हणाले.

जमादार चमकले. विचारताना त्यांचं तोंड खिडकीकडं होतं. ते हळूच उठले, गुरुजींच्या पाठीमागं गेले आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, महजबीनला पोलीस घेऊन चालले."

गुरुजी शालीच्या घड्या नीट करत राहिले. चेहऱ्यावर तेच समाधानाचं हसू.

दारात वच्छलाबाई उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात जोडले. डोळ्यांतून धारा.

"कुणाला सांगू नका," त्या कुजबुजल्या. "दीड वर्ष झालं. ओठ बघून बोलतेत. शिष्यांना कळलं तर शिकवायला कोण येईल म्हणून लपवून राह्यलोत. महजबीनला तेवढं ठाऊक आहे. तीच यांच्या वतीनं पोरांचे सूर तपासती."

शिवकन्येचे नुसते ओठ हलले होते. गुरुजींनी ते वाचले होते. त्या घरात दोन माणसांनी एकमेकांशी गप्पा मारल्या होत्या, आणि एकीला आवाज नव्हता, दुसऱ्याला कान नव्हते.

६

जमादारांनी मोनिकाला बाहेर पाठवलं आणि खाटेसमोर स्टूल ओढून बसले.

"बाळ, मी बोलतो. तू नुसती मान हलव. मौनव्रत राजेश्वरी वहिनीनं धरलं न्हाई. तुझा गळा बसला म्हणून मालिकावाल्यांना ते लिहावं लागलं. दीड महिना झाला. बराबर?"

शिवकन्येनं मान खाली घातली.

"हा कार्यक्रम त्याच्या आधीच ठरला होता. गुरुजींना न्हाई म्हणता येईना. तुला वाटलं, आवाज इथं गेला असं दिसलं तर कुणी विचारणार न्हाई की कशानं गेला. काढ्यात तू गालाचा रंग टाकला. प्यायली न्हाईसच."

तिनं वही ओढली आणि भराभर लिहायला लागली. जमादार चष्मा लावून वाचत राहिले.

'सहा वर्षं दिवसाला दहा-दहा तास किंचाळले. सुट्टीत गायले. स्वरतंतूवर गाठ आहे, रक्तही आलं. ऑपरेशन सांगितलंय. गाणं परत येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. मालिका घेतली तेव्हा गुरुजी म्हणाले होते, हा गळा ओरडायला नाही. वर्षभर बोलले नाहीत माझ्याशी. मी शब्द दिला होता, दोन्ही सांभाळीन. त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? मुंबईत सांगितलं तर दोन्ही कामं जातील. दीड महिन्यात एका माणसाला सांगितलेलं नाही, मोनिका सोडून.'

"आन् महजबीन?"

पेन्सिल थांबली. मग हळू, वाकड्या अक्षरात: 'काढा तिचा आहे हे माहीत नव्हतं. ओट्यावर इतकी माणसं होती. वाटलं, कुणाचंच नाव येणार नाही.'

"दोन वाजता माहीत नव्हतं. सव्वादोनला रामेश्वरनं तिचं नाव घेतलं तेव्हा कळालं. आता साडेचार होऊन राह्यले." जमादारांचा आवाज चढला नाही. "त्या सव्वादोन घंट्यात तुला एवढेच दोन शब्द लिहायचे होते. महजबीन न्हाई. वही तर मांडीवरच होती."

शिवकन्येनं तोंड उघडलं. घशातून आला तो आवाज नव्हताच, नुसती वाळल्या पाचटाची सळसळ. "काका... मी... चुकले."

"बोलू नको. दुखंल. मी बाहेर जाऊन सांगू शकतो. पण मी सांगितलं तर ते उघडकीला आलेलं पाप. तू सांगितलं तर कबुली. सहा वाजायला दीड तास आहे."

त्यांनी एवढं म्हटलं आणि ते उठले. दारापर्यंत गेले आणि चौकटीशी थांबले. पुष्पाबाईही शेवटी शेवटी वहीत लिहायची. नोकरीवरून थकून आल्यावर कितीतरी वेळा त्यांनी ती वही न वाचताच बाजूला ठेवली होती.

मागून खाट करकरली. शिवकन्या वही घेऊन उभी राहिली होती.

७

ती आधी गुरुजींकडं गेली. त्यांच्यासमोर बसून तिनं तीच पानं त्यांच्या हातात दिली. गुरुजींनी ती दोनदा वाचली. वच्छलाबाई पदराचा बोळा तोंडाशी धरून उभ्या होत्या.

"गाठ," गुरुजी म्हणाले. "रक्त." मग त्यांनी तिच्या गळ्याला हात लावला, ताप बघावा तसा. "वेडे, मला कुठं ऐकू येतंय? दीड वर्ष झालं. तू आज गाणार म्हणून आठ दिवस मला झोप न्हाई. तू गाशील आन् मी मान कुठं डोलवायची, एवढीच मला धास्ती."

शिवकन्या त्यांच्याकडं बघतच राहिली. मग तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. गुरुजी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि मध्येच कडक आवाजात म्हणाले, "उठ. आधी महजबीनकडं जा."

स्वयंपाकघरात जमादार सोबत गेले नाहीत. पण दार उघडंच होतं. महजबीननं वही वाचली, मिटली आणि परत दिली.

"तुझ्या आवाजाचं ऐकून माझं काळीज तुटलं, शिवे. कसम से. पण तू आत बसून ऐकत राह्यलीस, आन् मला इथं लोकांनी काय काय म्हणून घेतलं. ते मला लवकर विसरता येणार न्हाई. मी विसरले असं खोटं पण म्हणणार न्हाई."

शिवकन्येनं हात जोडले. महजबीननं ते धरले नाहीत.

सहा वाजता मंगल कार्यालय खचाखच भरलं. शिवकन्या मंचावर उभी राहिली आणि तिच्या शेजारी उभं राहून मोनिकानं तिचं लिहिलेलं वाचून दाखवलं. गळा कशानं गेला, रंग कुणी टाकला, महजबीनचा त्यात काडीचा दोष नाही. गुरुजींच्या कानाबद्दल एक अक्षर नव्हतं. मागून कुणी शिट्टी मारली. कुणी ओरडलं, "वहिनी, नवीन नाटक का?" शिवकन्या जागची हलली नाही. सगळं वाचून होईपर्यंत तशीच उभी राहिली. पहिल्या रांगेतले रामेश्वर मान वर करून महजबीनकडं बघू शकत नव्हते. शेवटी ते उठले, तिच्यापुढं जाऊन उभे राहिले आणि तसेच परत येऊन बसले.

मग गुरुजी म्हणाले, "महजबीन, तू गा."

"तुमच्यासाठी गाईन," ती म्हणाली. "पण हिच्या जागेवर बसणार न्हाई. माझी सतरंजी वेगळी टाका."

वेगळी सतरंजी टाकली गेली. महजबीननं काळी पाच मागितली, सुग्रीवनं डोळे पुसून तबला सुरात लावला, आणि तिनं सा लावला. सभागृह हळूहळू शांत होत गेलं. शिवकन्या गुरुजींच्या पायाशी बसली होती. थोड्या वेळानं तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि तळव्यावर बोटानं ठेका धरला. सोळा मात्रा, आणि समेला अंगठ्याचा दाब. गुरुजींची मान बरोबर समेवर डोलली. लोक म्हणाले, म्हातारा अजून काय तयार आहे.

जमादार शेवटच्या रांगेत होते. गाणं संपायच्या आत ते उठून चालत घरी गेले.

पुढं व्हायचं ते झालं. आठ दिवसांत राजेश्वरी वहिनीचा चेहरा बदलला, मालिकेत दुसरी बाई आली आणि पहिल्याच दिवशी किंचाळली. जमादारांनी टीव्ही बंद केला. गाण्यांच्या कंपनीनं करार मोडला. मोनिकाला दुसरीकडं काम मिळालं. शिवकन्येचं ऑपरेशन झालं आणि ती मुंबईची खोली सोडून गुरुजींकडं येऊन राहिली. महजबीन रोज संध्याकाळी पोरांना शिकवायला त्याच घरी यायची, शिवकन्येसमोरून जायची, आणि बोलायची नाही. जमादार अधूनमधून चक्कर टाकायचे. शिवकन्या वहीत लिहायची आणि ते प्रत्येक पान शेवटपर्यंत वाचायचे.

चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी तिला बोलायची परवानगी दिली. दिवसाला दहा मिनिटं, त्याहून एक शब्द जास्त नाही. गाण्याचं वर्षभरानं बघू, म्हणाले. संभाजीनगरहून जमादारांसोबत बसनं परत येताना ती चकार शब्द बोलली नाही. जमादारांनी विचारलं, "वापरून टाक की. माझ्याशीच बोल." तिनं हसून मान हलवली. घनसावंगीत उतरल्यावर ती गुरुजींच्या घराकडं वळली नाही. जमादारांच्या बाहीला धरून ती त्यांना शाळेमागच्या गल्लीत घेऊन गेली, महजबीनच्या दाराशी.

महजबीननं दार उघडलं. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. शिवकन्येनं दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, मग गळ्याला आणि मनगटावरच्या घड्याळाला बोट लावलं. महजबीन दारातून बाजूला झाली.

जमादार बाहेर पायरीवर बसून राहिले. आतून एक जाड, फाटका, अनोळखी आवाज येत होता. अडखळायचा, थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. शब्द कळत नव्हते आणि त्यांना ऐकायचेही नव्हते. महजबीन मध्ये एकदाही बोलली नाही. गल्लीतून शेळ्या गेल्या, एक सायकल गेली. जमादारांनी घड्याळात बघितलं. दहा मिनिटं होत आली होती, आणि आतला आवाज आता रडवेला होऊन घाई करत होता.

मग महजबीनचा आवाज आला, कोरडा आणि स्पष्ट.

"बस. दहा झाली. राह्यलेलं उद्या सांग."